वाफेवरचं मीठ

मोदेना, इटली
११ फेब्रुवारी

प्यारी फुप्पी,
अस्सलामु अलैकुम.

पोचले त्याला तीन दिवस झाले. फोनवर तू "बरी हायस ना, मग ठेव" याच्या पुढं जात नाहीस, आणि अब्बा स्पीकर लावतात म्हणजे निम्म्या बावड्याला ऐकू जातं. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. मी कागदावर लिहिते, फोटो काढते आणि पाठवते. तूही तसंच कर. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शुद्धलेखनात पहिला नंबर होता म्हणून मला आयुष्यभर ऐकवलंस, आता दाखव.

बारामतीच्या कॉलेजातून या चव-वासाच्या अभ्यासक्रमाला आम्ही तिघं निवडलो गेलो तेव्हा सहा आठवडे म्हणजे चुटकीसरशी जातील असं वाटलं होतं. इथं एकेक दिवस थंडीनं लांबलाय. मी ओर्नेल्ला नावाच्या सत्तरीच्या बाईकडे राहते. तिच्या माळ्यावर लाकडी पिंपं आहेत, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं. त्यात द्राक्षाच्या रसाचा सिरका वर्षानुवर्षं मुरतो. ती रोज सकाळी वर जाते, पिंपाच्या भोकावरचं फडकं उचलते, वास घेते आणि खाली येते. मी विचारलं, चाखत नाहीस का? म्हणाली, नाक असताना चाखायचं कशाला. मला तिथं तूच दिसलीस.

वर्गात आम्हाला लहान लहान खणांत एकेकटं बसवतात. समोर नंबर टाकलेल्या वाट्या येतात. वास घ्यायचा, चव घ्यायची आणि लिहायचं. शेवटच्या दिवशी, म्हणजे अठरा मार्चला, प्रत्येकानं आपल्या घरचा एक पदार्थ करून त्याबद्दल बोलायचं आहे. मी तुझा खिचडा लिहून दिलाय. मी सगळ्यांना सांगितलं की माझी फुप्पी रमजानचे पहिले तीन शुक्रवार आणि सव्विसाव्या रोज्याला मशिदीच्या इफ्तारीची अख्खी देग, म्हणजे शंभरावर माणसांचा हंडा, घराच्या परड्यात रांधते. सव्वीस वर्षं झाली. रोजा असल्यामुळं थेंबभरही चाखत नाही, मीठ नुसतं वाफेच्या वासावर ओळखते. कुणाचा विश्वास बसला नाही. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मिठाला वास नसतो. मी म्हटलं, आमच्या फुप्पीला सांगून बघा.

तेव्हा कृती सविस्तर लिही. मसाला कधी उतरवायचा, तेव्हा वास कसा येतो, ते मुद्दाम शब्दांत लिही. तू बांधून दिलेला मसाला अजून उघडला नाही.

तुझी,
मेहजबीन

---

बावडा
१४ फेब्रुवारी

चि. मेहजूला फुप्पीचा सलाम आणि दुवा.

पहिल्या फोटोत माझा अंगठाच आला होता, म्हणून पुन्हा काढला. अक्षर बघून घे.

खिचडा. गहू आदल्या दिवशी ओला करून कांडायचा, साल काढायची. शेजारच्या शकुबाईनं यंदाही तिच्या उखळात कांडून द्यायचं कबूल केलंय. हरभऱ्याची, मसुराची, मुगाची डाळ गव्हाच्या निम्मी. मटण वेगळं शिजवायचं. कांदा चांगला लाल करायचा. खडा मसाला मंद आचेवर भाजायचा, घड्याळ लावून बारा मिनिटं, मग उतरवायचा. नंतर सगळं एकत्र करून घोटायचं. घोटताना हात थांबवायचा नाही, मधे मैत्रिणींशी गप्पा मारायच्या नाहीत.

वासाचं काय लिहू? वास तो वास. बारा मिनिटं धर म्हणजे झालं.

तुझ्या अनिसाभाभीला सातवा महिना आहे, रोजे धरायचे नाहीत असं डॉक्टरनं सांगितलंय. तुझा भाऊ हारिस लोणी देवकरच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो, दिवसा झोपतो. तुझ्या अब्बांचं दुकान चालू आहे आणि त्यांची बडबडही. मशिदीच्या आफताबभाईंनी येऊन सांगितलं की यंदा माणसं जास्त, देग मोठी लावा. मी हो म्हटलं.

तू मुसाफिर आहेस. मुसाफिराला रोजे माफ असतात. नंतर भरून काढ. तिकडं परक्या मुलखात हट्ट करू नको.

तुझी फुप्पी,
रशीदा

---

मोदेना
१७ फेब्रुवारी

प्यारी फुप्पी,

आधी भांडते, मग बाकीचं.

मसाला काल उघडला. ओर्नेल्लाच्या स्वयंपाकघरात थोड्या डाळीला लावून बघितला. फुप्पी, तो करपलाय. जिरं काळं पडलंय, धणे कडू लागतात. ओर्नेल्ला सभ्य बाई आहे, म्हणाली, धुरकट चव वेगळीच आहे. मी म्हटलं, हो, आमच्याकडे असंच करतात. तोंड वाचवलं. मी निघायच्या गडबडीत तू घाईनं भाजलास का?

आणि बारा मिनिटं? तू आणि घड्याळ? आपल्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडून दीड वर्ष झालं, तुला पत्ता नव्हता. मी आठ वर्षांची असताना मला देगेपाशी उभं करून तूच शिकवलंस ना, वाफ गोडसर आली तर मीठ कमी, नाकात भरून बसली तर पुरेसं. आणि आता लिहितेस वास तो वास. खरं सांगू, मला वाईट वाटलं. अनिसाभाभी तीन वर्षं मागं लागली आहे, तिलाही तू कधी धड सांगितलं नाहीस. हा हुन्नर काय तू बरोबर घेऊन जाणार आहेस?

उद्यापासून इथं रोजे. मुसाफिर असले तरी धरणार आहे, जमतील तेवढे. बाईंनी परवानगी दिली. दिवसा मी फक्त वास घेऊन लिहायचं, चव घ्यायची नाही. आज त्यांनी सराव म्हणून पाच वाट्यांतलं गरम पाणी दिलं, भाज्या उकळलेलं, प्रत्येकात मीठ वेगळं. मी वासावर पाचही ओळीनं लावली. बाईंनी वाट्यांचे नंबर पुन्हा तपासले. मग म्हणाल्या, मिठाला वास नसतो हे खरं, पण मिठामुळं बाकीचे वास वर येतात, तुझ्या आत्यानं ते कुणी न शिकवता ओळखलं. फुप्पी, हे सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. म्हणून तर आणखी राग येतोय.

मेहजू

---

बावडा
२२ फेब्रुवारी

मेहजबीनला दुवा.

तुझं पत्र वाचलं. मसाला करपला असेल. माणसाकडून होतं कधी कधी. त्यावरून मी हातचं राखून ठेवते म्हणालीस, ते मात्र लागलं. ज्या पोरीला मी मांडीवर बसवून कांदा कापायला शिकवलं, तिनं मला कंजूष म्हणावं. असो.

परवा पहिला शुक्रवार झाला. देग परड्यात लावली, शकुबाई कुंपणाच्या पलीकडून बघत होती. पोरांनी देग मशिदीत नेली. दरवर्षी अर्ध्या तासात रिकामी होऊन येते, यंदा तळाला बराच खिचडा राहिला. पहिल्या रोज्यांत भूक मरते, असं आफताबभाई म्हणाले. सगळ्यांनी "फुप्पी, बरकत आहे तुमच्या हाताला" असा निरोप पाठवला.

शनिवारी दूध उतू जाऊन पातेल्याला लागलं. मी तिथंच भाजी निवडत बसले होते. शकुबाई तिच्या दारातून पळत आली. म्हणाली, "आगं रशिदा, समदी आळी दुधाच्या वासानं भरली, आन् तू हितंच बसलीयास. नाक हाय का न्हाय तुला?" माझं लक्ष नव्हतं, एवढंच. तुझ्या अब्बांना फोनवर हे सांगत बसू नको. ते त्याचं भजन करतील.

पहाटे सहेरीला उठतेस ना? पाणी भरपूर पी.

रशीदा

---

मोदेना
२५ फेब्रुवारी

प्यारी फुप्पी,

भांडण संपलं. मी मूर्ख आहे, मला माफ कर. आता जे विचारते त्याचं खरं उत्तर दे.

काल वर्गात सगळ्यांच्या नाकाला चिमटे लावले आणि डोळे मिटून एकेक गोळी खायला दिली. रोजा म्हणून मी नुसती बघत बसले होते. कुणालाच लिंबू की संत्रं ते सांगता येईना. नुसतं गोड, नुसतं आंबट, एवढंच. मग बाईंनी सांगितलं की काही माणसांचं नाक कायमचंच असं होतं. सर्दीतापानंतर होतं, कुणाचं डोक्याच्या मागच्या बाजूला मार लागल्यावर. दूध उतू जातं, फोडणी जळते, त्यांना कळत नाही. घड्याळ लावून स्वयंपाक करतात.

मी पुढं लिहूनच घेतलं नाही.

फुप्पी, मी निघायच्या आधी दोन दिवस घरी आले तेव्हा तुझ्या डोक्याला मागं हळद लावलेली होती. तू म्हणालीस माठाची कड लागली. मी बॅग भरण्यात होते, पुन्हा विचारलंही नाही.

कपाटातली खोबरेल तेलाची बाटली घे. अब्बांचं अत्तर घे. लवंग चुरडून घे. डोळे मिटून एकेक नाकाशी धर. आणि काय येतं ते लिही. जे येतं तेच लिही.

मेहजू

---

बावडा
१ मार्च

मेहजू,

काहीच येत नाही.

तू सांगायच्या आधीच मी सगळं करून बघितलं होतं. तेल, अत्तर, कापूर, शेण. घरात कुणी नसताना कांदा नाकाला घासला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला. अल्लाहनं एवढं दार बंद केलं आणि मला आवाजही आला नाही.

एकोणतीस जानेवारीला झालं. माळ्यावरून मिरच्यांचा डबा काढताना स्टूल हललं आणि उंबऱ्यावर आपटले. घरात कोणी नव्हतं. थोडा वेळ तशीच पडून राहिले, मग उठून कामाला लागले. डबा तुझ्या मसाल्यासाठीच होता. हे तुला कधीच सांगणार नव्हते. आता तूच मागं लागलीस. पण मनाला लावून घेऊ नको, स्टूल तू हलवलं नाहीस.

पहिल्या शुक्रवारी खिचडा खारट झाला होता. इफ्तारीनंतर मी स्वतः खाल्ला ना, जीभ अजून खारट ओळखते. वाफ घेतली तेव्हा काहीच आलं नाही, मला वाटलं मीठ कमी आहे. दोन मुठी घातल्या. शंभरावर माणसं तो खिचडा खाऊन उठली आणि बरकत आहे म्हणाली. परवा दुसऱ्या शुक्रवारी भीतीनं हात आखडला, तर सगळा अळणी. पुन्हा निरोप आला, छान झाला होता. जेवणाला नावं ठेवायची नसतात हे मीच आळीतल्या पोरांना शिकवलंय. आता ती माझ्यावरच पाळतायत.

तू म्हणशील दुसऱ्या कुणाला चाखायला सांग. अनिसाला रोजा नाही, ती चाखेल. पण एकदा चमचा तिच्या हातात दिला की संध्याकाळपर्यंत आळीभर होणार, रशीदाला आता चाखून लागतं. मेहजू, नवऱ्यानं सोडल्यावर मी या घरात आले तेव्हा तुझी आई जिवंत होती, घर तिचं होतं. मला कुणी कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मी कोण, असं कुणी विचारलं तर सांगायला काय होतं? ती देग होती. देग गेली की मी भावाच्या घरात बसून खाणारी बहीण.

अब्बांना सांगायचं नाही. शपथ आहे तुला.

फुप्पी

---

मोदेना
४ मार्च

फुप्पी,

तीन दिवस लिहायला बसते आणि उठते.

बाईंना विचारलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, डोक्याच्या मारानं गेलेला वास कधी कधी वर्षभरात थोडा परत येतो, पुष्कळदा येत नाही. औषध खात्रीचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे, तेच ते, आठवण करत करत. लवंग, लिंबू, गुलाबजल आणि निलगिरीचं तेल. येवो न येवो, घेत राहायचं. बारामतीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं. मी तिथं असते तर तुला हाताला धरून एसटीत बसवलं असतं. इथून मी फक्त सांगू शकते, आणि माझं सांगणं तू किती ऐकतेस ते मला माहीत आहे.

निदान मिठाचं तरी जमवू. सगळं सामान दुकानातल्या काट्यावर तोल आणि मला आकडे पाठव, मी हिशेब करून देते. गॅसपाशी एकटी जाऊ नको. गॅस सुटला तरी तुला कळणार नाही.

मी इथं रोज शाबासकी मिळवते. ओर्नेल्लानं मला माळ्यावर नेऊन तिच्या सगळ्यात लहान पिंपाचा वास घ्यायला दिला, म्हणाली, परक्या माणसाला पहिल्यांदाच देते. मी वास घेतला आणि मला रडू आलं. तिला वाटलं सिरक्यामुळं.

मेहजू

---

बावडा
८ मार्च

मेहजूला दुवा.

तुझा आकडा आला तसं मीठ तोलून घातलं. तिसऱ्या शुक्रवारी मीठ बरोबर पडलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि गहू बुडाला लागला. घोटताना हाताला जड वाटलं, पण वास नाही, मग कळणार कसं? वरून चांगला, खालून जळका. पोरांनी खालवर करून वाढला, सगळाच धुरकट झाला.

आफताबभाई देग परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, "फुप्पी, औंदा चूल लई जोरात हाय वाटतं." हसून म्हणाले. अंगणात तुझ्या अब्बांशी पाच मिनिटं हळू बोलत उभे राहिले. मी दारामागून फक्त एवढंच ऐकलं, इंदापूरला एक आचारी आहे म्हणून.

सव्विसाव्याची मोठी देग सोळा तारखेला आहे. ती एक नीट उतरली तर मी तोंड वर करून बसेन. मोठ्या देगेचा हिशेब पाठव. चार वास घेते. लवंग कुठली आणि गुलाबजल कुठलं, बाटली बघून सांगते.

फुप्पी

---

मोदेना
१० मार्च

फुप्पी,

मोठ्या देगेचं माप वेगळ्या कागदावर ठळक लिहिलंय. एक गोष्ट नीट वाच. यावेळी मीठ एकदम घालायचं नाही. निम्मं मटण शिजताना घाल, निम्मं शेवटी, गहू आणि मटण एकत्र घोटताना. एकदम घातलं तर गव्हापर्यंत पोचत नाही. दोन पुड्या आधीच बांधून ठेव. आणि जाळ कमी ठेव, हात जड लागला की लगेच लाकूड ओढून घे.

होईल नीट. मी इथं दुवा करते.

मेहजू

---

मोदेना
१० मार्च

अनिसाभाभी,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. वाचून फोटो पुसून टाक.

फुप्पीला वास येत नाही. जानेवारीत पडल्यापासून. मला शपथ घातलीय अब्बांना सांगायचं नाही म्हणून, तुला सांगायचं नाही असं काही ती म्हणाली नव्हती, म्हणून सांगते. सव्विसाव्या रोज्याला तू परड्यात तिच्या आसपास राहा. करपल्याचा वास आला तर काहीतरी निमित्त करून लाकडं ओढ. तुला रोजा नाही. ती दुपारी असरच्या नमाजाला आत गेली की झाकण काढून चाख, मीठ कमी वाटलं तर घाल. तिला कळू देऊ नको. कळलं तर तिचं मन मोडेल.

तुझ्याशिवाय मला तिथं कुणी नाही.

मेहजबीन

---

बावडा
१७ मार्च

मेहजू,

काय लिहू ते सुचत नाही, तरी लिहिते.

काल पहाटे उठून सगळं तोललं. मिठाच्या दोन पुड्या बांधल्या. एक मटणात घातली. असरची नमाज पढून आले, दुसरी पुडी घोटताना घातली. गहू लागला नाही. अनिसा बराच वेळ चुलीपाशी होती, पोरगी सारखी लाकडं मागं ओढत होती, मग पाय सुजले म्हणून आत जाऊन पडली. मला वाटलं, आज जमलं. पोरांनी देग उचलली तेव्हा शकुबाईला म्हटलं सुद्धा, आज बघ.

संध्याकाळी मगरिब झाल्यावर दहा मिनिटांत देग परत आली. झाकणासकट, भरलेली. पोरं खाली बघून ठेवून गेली. मी खजुरावर रोजा सोडला होता, एक घास तोंडात घातला. थुंकावा लागला. समुद्राचं पाणी असं असतं म्हणतात.

आज जोहरनंतर आफताबभाई चार माणसं घेऊन आले. हातात शाल आणि नारळ. तुझ्या अब्बांनी मला खुर्चीवर बसवलं. आळीतल्या बायका दारात जमल्या. आफताबभाई म्हणाले, "फुप्पी, सव्वीस वर्सं तुमी आमच्यासाठनं राबलात. आमी लहानाचं मोठं झालो तुमच्या हातचं खाऊन. आता तुमी बसायचं, आन् आमी तुमाला खायला घालायचं." शाल अंगावर टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अब्बांच्या डोळ्यांत पाणी होतं. मिठाचा शब्द कुणी काढला नाही. मोठी देग ते जातानाच घेऊन गेले. ईदच्या जेवणाला इंदापूरचा आचारी येणार आहे.

कुणी एकानं जरी म्हटलं असतं, रशीदा, खिचडा खारट झाला, तर मी भांडले असते. सांगितलं असतं काय झालं ते. शाल घातलेल्या माणसानं काय बोलायचं?

पण मेहजू, मला त्याचंही नाही. मी दोनदा तोललं होतं. चष्मा लावून. नाक गेलं ते गेलं. आता माझं डोकंही गेलं का? काल मी दोनाच्या जागी चार पुड्या घातल्या असतील आणि मला आठवत नसेल तर? सकाळपासून डबे उघडून बघते, मीठ किती उरलंय ते. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही.

फुप्पी

---

मोदेना
१९ मार्च

फुप्पी,

तुझ्या हातानं काही चूक केली नाही. तुझं डोकं जागेवर आहे. तुझं माप बरोबर होतं. चूक मी केली.

मी अनिसाभाभीला लिहिलं होतं, चोरून चाख आणि कमी वाटलं तर मीठ घाल. मीठ दोनदा पडणार आहे हे तुला लिहिलं, तिला लिहायचं राहिलं. एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून दोन्ही पत्रं लिहिली, तरी राहिलं. तिनं असरच्या वेळी चाखलं तेव्हा निम्मंच मीठ पडलेलं होतं. तिला अळणी लागणारच. तिनं घातलं, मग तू तुझी पुडी घातलीस. काल तिला फोन केला, मीठ घातलं म्हणून तिनं रडत रडत सांगितलं. तिचा दोष नाही. मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं.

तुला न दुखवता सांभाळायचं म्हणून केलं. म्हणजे मीही आफताबभाईंसारखंच केलं. त्यांनी शाल घातली, मी अनिसाभाभीला पाठीमागं उभं केलं. तुझ्या तोंडावर कुणीच बोललं नाही.

काल माझा खिचडा झाला. रोजा होता, चाखता आला नाही. वाफेवर मीठ घातलं. संध्याकाळी सगळ्यांनी दोनदा मागून घेतला. बाई म्हणाल्या, तुझ्या आत्याला आमचं कौतुक कळव. तुझं पत्र त्याच सकाळी आलेलं होतं, माझ्या कोटाच्या खिशात मोबाइलमध्ये. मी मान हलवली.

तू म्हणशील तर मी आफताबभाईंना आता फोन करते आणि सगळं सांगते. अब्बांनाही. तू फक्त हो म्हण.

मेहजू

---

बावडा
२२ मार्च

चि. मेहजूला फुप्पीचा सलाम, ईद मुबारक आणि दुवा.

तुझं पत्र येण्याआधीच अनिसानं मला सांगितलं होतं. शाल घातली त्याच रात्री माझ्या पायांशी येऊन बसली. आठव्या महिन्यातली पोर, तिला काय बोलू? पण ते तुझ्याकडून यायला हवं होतं, म्हणून मी वाट बघितली. आलं. मला राग नाही. तिचं ऐकूनही मी डबे उघडून बघत होते, ते तुझ्या पत्रानं थांबलं.

फोन मात्र कुणाला करू नको. काय सांगशील? मीठ अनिसानं घातलं म्हणून? मग त्या पोरीचं नाव आळीभर होईल. नाक गेलं म्हणून सांगशील, तर देग परत येणार आहे का? खारट एकदा झालं, अळणी एकदा, जळकं एकदा. त्या तीन वेळा तर कुणी काही घातलं नव्हतं. घातलेली शाल परत घेत नाहीत, मेहजू. मी ती घडी घालून पेटीत ठेवली आहे.

ईद छान झाली. आचाऱ्याची बिर्याणी चांगली होती म्हणतात. शीरखुर्मा घरी अनिसानं केला, पहिल्यांदाच एकटीनं. तुला आठवत असेल, दरवर्षी तुझे अब्बा पहिली वाटी माझ्यापुढं धरतात आणि मी वास घेऊन काय कमी-जास्त ते सांगितल्याशिवाय कुणी चमचा लावत नाही. मला वाटलं यंदा धरणार नाहीत. धरली. हारिस, अनिसा, शकुबाई, आफताबभाईंच्या घरच्या बायका, सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

मी डोळे मिटले, वाटी नाकाशी नेली, लांब श्वास घेतला. म्हटलं, बाकी सगळं झकास आहे, वेलची तेवढी जरा जास्त पडली.

"व्हय व्हय, जरा जास्तच झाली," अब्बा म्हणाले. हारिसनं मान डोलावली. शकुबाई म्हणाली, "नाक लई तिखट हाय बाई रशिदाचं." सगळे हसले आणि खायला बसले. मीही बसले.

भांडी घासताना अनिसानं मला हळूच सांगितलं, घाईत तिनं वेलची घातलीच नव्हती.

मंगळवारी तुझं विमान आहे. सांभाळून ये.

तुझी फुप्पी,
रशीदा